जुन्या बुलेटच्या टाकीवरची हाताने ओढलेली रेघ: तशीच जपावी, की पुन्हा ओढून घ्यावी?

कलाशिक्षक_सातारा

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांची १९६८ सालची, मद्रासच्या कारखान्यात तयार झालेली ३५० सीसी बुलेट आता माझ्याकडे आहे. इंजिनाचे काम एका जाणत्या मेस्त्रींनी केले असून गाडी उत्तम चालते, त्यामुळे माझा प्रश्न यंत्राचा नसून रंगाचा आहे. टाकी आणि दोन्ही टूलबॉक्स यांवरचा काळा रंग मूळचाच आहे आणि त्यावरच्या सोनेरी रेघाही मूळच्याच आहेत. टाकीच्या उजव्या बाजूची, गुडघ्याच्या रबरी पॅडजवळची रेघ घासून जवळजवळ नाहीशी झाली आहे. डावीकडची मात्र अजून ठसठशीत आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे असेल कदाचित, पण गाडी धुताना माझी नजर पुन्हा पुन्हा त्या रेघेवरच जाते. पुढच्या वळणाशी ती किंचित जाड होते, नंतर पुन्हा बारीक होत जाते आणि जिथे संपते तिथे ब्रश उचलल्याची खूण स्पष्ट दिसते. उजवीकडे जेवढी रेघ शिल्लक आहे तेवढी पाहिली, तरी तिचे वळण डावीकडच्यासारखे तंतोतंत नाही. म्हणजे हे काम छाप्याचे नाही, कोणाच्या तरी हाताचे आहे.

रंगकामाबद्दल मला दोन सल्ले मिळाले. एका गॅरेजवाल्यांच्या मते सगळा रंग खरवडून, नवा रंग मारून, त्यावर यंत्रावर कापलेली सोनेरी पट्टी चिकटवावी आणि वरून लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) द्यावे; त्यांच्याकडे तो नमुना तयार आहे. आमच्या गावातले एक वयस्क साइनबोर्ड पेंटर म्हणतात की ते रेघ हातानेच ओढून देतील, पट्टी लावायची काही गरज नाही. तिसरा मार्ग म्हणजे काहीच न करणे.

यांपैकी काय करावे, हे जाणकारांनी सांगावे. त्याचबरोबर मोटारसायकलवर रेघ ओढण्याची ही कला आली कुठून आणि ती घडवणारे कलाकार कोण, हेही मला समजून घ्यायचे आहे, कारण ते मला माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायचे आहे. तयार रंगपेटीच्या आणि स्टिकरच्या काळात एका रेघेमागे किती साधना असते, हे त्यांना कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दोनचाकी_इतिहास (पुणे)

सर, आपण दोन प्रश्न विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर इतर जाणकार देतील. दुसऱ्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या रेघेच्या इतिहासावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही.

ही कला मोटारसायकलपेक्षा जुनी आहे. युरोपात घोडागाड्यांच्या चाकांच्या आऱ्यांवर आणि दरवाज्यांच्या कडांना बारीक रेघा ओढणारे कारागीर असत. पुढे सायकली आल्या आणि मग इंजिन बसवलेल्या सायकली आल्या, तेव्हा तेच कसब तेच हात तिकडे घेऊन गेले. बी.एम.डब्ल्यू. कंपनीची पहिली मोटारसायकल, म्हणजे १९२३ ची आर ३२, काळ्या रंगाची आणि पांढऱ्या रेघांची होती, आणि काळ्यावर पांढऱ्या रेघेची ती जोडी आजही त्या कंपनीची ओळख आहे. इंग्लंडमध्ये रेडिच येथील एन्फिल्ड सायकल कंपनी नावाप्रमाणे सायकलीही बनवत असे आणि मोटारसायकलीही. तिथली बुलेट १९३२ साली बाजारात आली. १९५५ साली मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी होऊन तिची जुळणी आपल्याकडे सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत सुटे भागही इथेच तयार होऊ लागले. आपल्या गाडीवरची सोनेरी रेघ या मार्गाने आलेली आहे.

या युरोपीय रेघेचा एक धर्म आहे: ती पत्र्याचे ऐकते. टाकीचा आकार जिथे वळतो तिथे ती वळते, कडेपासूनचे अंतर राखते आणि पाहणाऱ्याला आकार अधिक स्पष्ट करून दाखवते. शिवाय तिला एक व्यावहारिक कामही असते. ज्या टाक्यांना बाजूला क्रोमचा भाग आणि वर रंग असतो, त्यांच्यावर रंग आणि क्रोम यांची हद्द कधीच पुरेशी स्वच्छ येत नाही. ती हद्द झाकण्यासाठी रेघ ओढली जाते. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या जुन्या गाड्या ज्यांनी जवळून पाहिल्या असतील, त्यांना हे लगेच आठवेल.

अमेरिकेत मात्र या रेघेने वेगळा जन्म घेतला. दाबयंत्रावर घडवलेल्या मोटारी आल्यावर हाताने रेघा ओढण्याचे काम तिथे जवळपास संपले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात तरुण मुले जुन्या मोटारी आणि मोटारसायकली कापून, हलक्या करून, स्वतःच्या मनासारख्या बनवू लागली. त्यांच्यात केनेथ हॉवर्ड हा तरुण होता, ज्याला पुढे सारे जग ‘व्हॉन डच’ या नावाने ओळखू लागले (१९२९–१९९२). त्याचे वडील साइनबोर्ड पेंटर होते आणि ब्रश हातात धरायचे शिक्षण त्याला घरातच मिळाले होते. मोटारसायकलच्या एका दुकानात काम करता करता त्याने रेघा ओढायला सुरुवात केली. त्याची रेघ पत्र्याचे ऐकत नव्हती. मध्यभागी एक अदृश्य अक्ष धरून दोन्ही बाजूंना सममित वेटोळी, टोके, डोळे, जाळी अशी ती वाढत जाई, आणि कोठे थांबायचे हे फक्त त्यालाच ठाऊक असे. पंख असलेला डोळा हे त्याचे चिन्ह झाले. झाळकाम आणि घासकामाच्या खुणा लपवण्यासाठी लोक त्याच्याकडे येत आणि कलाकृती घेऊन परत जात, असे सांगितले जाते.

त्याच्यामागून एड रॉथ (१९३२–२००१) आला. तोही रेघा ओढूनच सुरुवात करणारा. लठ्ठ पोटाचा, डोळे बटबटीत बाहेर आलेला ‘रॅट फिंक’ हा उंदीर त्याचीच निर्मिती. त्याने १९६० च्या दशकात डेव्हिड मान या कॅन्सस सिटीच्या तरुणाचे एक चित्र विकत घेतले आणि त्याची चित्रे पोस्टर म्हणून छापली. मानने (१९४०–२००४) नंतर ‘ईझीरायडर्स’ मासिकासाठी मोटारसायकलस्वारांच्या जगाची जी चित्रे काढली, ती अनेक गॅरेजांच्या भिंतींवर लागली. गाडी बनवणाऱ्यांनी त्या चित्रांत पाहिलेल्या गाड्या पुढे खरोखर बनवल्या, हे मला विशेष वाटते. चित्र आधी आणि यंत्र नंतर, असा तो क्रम होता.

या इतिहासात एक अन्यायही आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. लांब पुढच्या फोर्कची, अमेरिकेच्या झेंड्याच्या रंगात रंगवलेली ‘कॅप्टन अमेरिका’ ही बहुधा जगातील सर्वांत प्रसिद्ध मोटारसायकल असेल. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटातील ती गाडी क्लिफ व्हॉन्स आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी घडवली होती. पोलिसांच्या लिलावातल्या जुन्या हार्ली-डेव्हिडसन गाड्या घेऊन त्यांनी हे काम केले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे नव्हती आणि कित्येक दशके ती कोणाला माहीतही नव्हती.

कलासंग्रहालयांनी या जगाची दखल घेण्यास १९९० चे दशक उजाडले. १९९३ साली कॅलिफोर्नियातील लगुना आर्ट म्युझियमने व्हॉन डच, रॉथ आणि त्यांच्या परंपरेवर प्रदर्शन भरवले. १९९८ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात शंभराहून अधिक मोटारसायकली मांडल्या गेल्या आणि तीन लाखांहून अधिक लोकांनी ते प्रदर्शन पाहिले. काही कला समीक्षकांनी तेव्हा नाके मुरडली. मला मात्र ती घटना योग्यच वाटते, कारण ज्या वस्तूवर इतक्या हातांनी इतका विचार केला आहे, तिला संग्रहालयाचे दार बंद असण्याचे काहीही कारण नव्हते.

आता आपल्या रेघेकडे येतो. चेन्नईजवळच्या तिरुवोत्तियूर येथील कारखान्यात बुलेटच्या टाक्यांवर हाताने रेघा ओढणारे एक कलाकार कुटुंब प्रसिद्ध आहे. पट्टी नाही, साचा नाही. पातळ ब्रश, सोनेरी रंग आणि एकाच श्वासात पूर्ण होणारे वळण. १९६८ साली आपल्या टाकीवर ब्रश कोणी चालवला ते कोठे लिहून ठेवलेले नसणार. व्हॉन डचच्या रेघेला नाव आहे, आपल्या रेघेला नाही, एवढाच फरक. कसब दोन्हीकडे आहे. ट्रायम्फ कंपनीच्या काही आजच्या गाड्यांवर हाताने रेघ ओढणारा कलाकार टाकीवर आपली आद्याक्षरे लिहितो. आपल्याकडच्या कारखान्यांनीही ही प्रथा पूर्वीच सुरू करायला हवी होती, असे मला फार वाटते.

पेंटरचा_मुलगा (इचलकरंजी)

सर, नमस्कार. माझे वडील साइनबोर्ड पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, नंबरप्लेट आणि मोटारसायकलच्या टाक्या हे सगळे त्यांनी केले, आणि मीही त्यांच्या हाताखाली अनेक वर्षे काम केले. त्यामुळे रेघ प्रत्यक्ष कशी ओढतात एवढेच मी सांगतो. विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल तर हे उपयोगी पडेल.

या कामाचा ब्रश वेगळा असतो. दांडा अगदी आखूड आणि केस लांब, साधारण दीड-दोन इंचांचे, तलवारीच्या पात्यासारखे एका बाजूला निमुळते होत गेलेले. परंपरेने हे केस खारीचे असतात. केस लांब असण्याचे कारण असे की त्यांत रंग भरपूर मावतो, त्यामुळे रेघ मध्येच तुटत नाही; आणि लांब केस हाताची बारीक थरथर स्वतःमध्ये जिरवून टाकतात. आखूड केसांच्या ब्रशने ओढलेल्या रेघेत प्रत्येक ठोका दिसतो. आपल्याकडचे जुने पेंटर मुंगसाच्या केसांचे ब्रशही वापरत. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगसाच्या केसांचा व्यापार आता गुन्हा आहे, त्यामुळे कोणी देऊ केला तरी तो ब्रश घेऊ नये. चांगले कृत्रिम केसांचे ब्रश आता मिळतात.

रंग म्हणून साइनबोर्डचे तेलरंग, म्हणजे इनॅमल वापरतात. ब्रश रंगात बुडवून लगेच टाकीवर टेकवत नाहीत. एखाद्या गुळगुळीत कागदावर तो पुढे-मागे ओढून घेतात, म्हणजे रंग केसांच्या मुळापर्यंत सारखा भरतो आणि टोकाला धार येते. रंग किती पातळ असावा हे याच कागदावर ठरते: घट्ट असेल तर रेघ ओढताना ब्रश अडतो, पातळ असेल तर रेघेची कड पसरते. माझे वडील उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात टर्पेंटाइनचे प्रमाण वेगवेगळे ठेवत, आणि ते प्रमाण त्यांनी कधी मोजून सांगितले नाही. कागदावरचा आवाज ऐक, एवढेच ते म्हणत.

ब्रश अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायचा, करंगळी पत्र्यावर टेकवायची आणि तिच्या आधाराने सबंध हात सरकवायचा. मनगटातून ओढलेली रेघ वळणावर फसते; खांद्यातून ओढलेली फसत नाही. रेघेची जाडी ब्रशच्या आकारावर नव्हे, तर किती केस पत्र्याला टेकले आहेत त्यावर ठरते. म्हणजे संपूर्ण रेघभर दाब एकसारखा ठेवणे हेच खरे कौशल्य. वळण घेताना ब्रश दोन बोटांत हळूहळू फिरवावा लागतो, म्हणजे पाते नेहमी रेघेच्या दिशेने राहते. नजर ब्रशच्या टोकावर ठेवायची नाही, रेघ जिथे जायची आहे तिथे ठेवायची. आपल्या टाकीवर पुढच्या वळणाशी रेघ जाड झाली आहे असे आपण लिहिले आहे. त्या कलाकाराने तिथे ब्रश फिरवताना क्षणभर दाब वाढवला असणार. खाली नवीन रंग पूर्ण सुकलेला असेल तर चुकलेली रेघ ओली असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता येते आणि पुन्हा ओढता येते. जुन्या रंगावर मात्र फडके फिरवताना फार जपावे लागते.

लॅकरबद्दल एक सावधगिरीची सूचना. साध्या इनॅमलच्या रेघेवर दोन भागांचे आधुनिक लॅकर मारले, तर कित्येकदा खालची रेघ सुरकुतते आणि उचलते. लॅकर द्यायचेच असेल तर त्याच्याशी जुळणाऱ्या जातीचा रंग वापरावा किंवा इनॅमलमध्ये योग्य हार्डनर घालावा. लॅकर न देता रेघ उघडी ठेवली, तर पेट्रोल सांडल्यावर ती खराब होते, म्हणून टाकीच्या झाकणाजवळ जपावे लागते.

माझे मत विचाराल तर रेघ पुन्हा ओढून घ्यावी, आणि आपल्या गावातल्या त्या पेंटरकाकांकडूनच ओढून घ्यावी. १९९० च्या दशकाच्या शेवटी फ्लेक्स आले आणि आमच्या पिढीचे काम थांबले. टाक्यांवर रेडियमच्या पट्ट्या आल्या. ज्यांच्या हातात हे कसब आहे ती माणसे अजून आपल्यात आहेत, पण त्यांना काम नाही. गाडी वापरण्यासाठी बनवलेली आहे आणि तिच्यावरची रेघ पुसली गेली तर ती पुन्हा ओढणे हीच तिची परंपरा आहे. जुनी रेघ काचेच्या पेटीत ठेवून ही कला वाचणार नाही. कोणीतरी ब्रश उचलला तरच ती वाचेल.

जुनेलोखंड (नाशिक)

पेंटरच्या मुलाचा मुद्दा मनाला भिडणारा आहे, आणि तरीही मी त्याच्याशी सहमत नाही. सर, कृपया त्या टाकीला हात लावू देऊ नका.

कारण अगदी साधे आहे. रेघ पुन्हा ओढता येते, पण मूळ रेघ पुन्हा मिळवता येत नाही. १९६८ चा कारखान्यातला रंग आणि त्यावरची कारखान्यातलीच रेघ असलेल्या बुलेट आता फार थोड्या उरल्या आहेत, कारण गेल्या काही दशकांत मालकांनी हौसेने त्या नव्या रंगवल्या, सगळीकडे क्रोम करून घेतले आणि त्यांना नव्याहून नवे केले. त्यामुळे कारखान्यात रेघ नेमकी कुठून निघत होती, किती जाड होती, टूलबॉक्सवर ती कशी बसवत, हे सांगणारा पुरावा दिवसेंदिवस कमी होत आहे. आपली टाकी हा त्यातला एक पुरावा आहे, आणि तिच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत हीच तिची किंमत आहे. यंत्रावर कापलेली पट्टी चिकटवण्याचा सल्ला तर मी पूर्णपणे फेटाळून लावीन, कारण त्यात जुने जाते आणि हाताचे कामही येत नाही.

निर्णय काहीही घ्या, पण आधी नोंद करून ठेवा. टाकीच्या दोन्ही बाजूंवर ट्रेसिंग पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने रेघ उतरवून घ्या, जिथे पुसली आहे तिथे तुटक खूण करा, ठिकठिकाणी रेघेची जाडी आणि कडेपासूनचे अंतर मोजून त्या कागदावरच लिहा. उन्हात नव्हे, तर सावलीत, बाजूला मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्या. टाकी आतून गंजली असेल आणि झाळकाम करायचे असेल, तर तेही आधी तपासा, कारण झाळण्याच्या उष्णतेने बाहेरचा रंग जळतो आणि मग ही सगळी चर्चाच निरर्थक ठरते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी त्यात बसते, आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेतला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. आपली गाडी वयाच्या अटीत बसते. मात्र अशी नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे आपल्याला गाडी चालवायची असेल तर सध्याचीच नोंदणी मुदतीत नूतनीकरण करून ठेवणे सोयीचे.

वर ‘कॅप्टन अमेरिका’ या चॉपरचा (कापून-बदलून बनवलेल्या गाडीचा) उल्लेख आला, म्हणून वाचणाऱ्या तरुणांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. अमेरिकेत फ्रेम कापून गाडी लांब करणे ही कला म्हणून वाढली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्याच्या आड येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रेघ ओढल्याने यातले काहीही लागू होत नाही. पण गाडीचा मूळ रंगच बदलणार असाल, तर आरसी पुस्तकात रंगाची नोंद असते हे विसरू नये आणि आरटीओत तशी नोंद करून घ्यावी. आपल्या देशात ज्यांना मोटारसायकलवर कला करायची आहे, त्यांच्यासाठी टाकीचा पृष्ठभाग ही सर्वांत मोकळी जागा आहे, असे मी म्हणेन.

आयची_प्रांतातून (नागोया, जपान)

मी नोकरीनिमित्त नागोयाला राहते. इथून ओकाझाकी हे शहर जवळ आहे, आणि शिन्या किमुरा या कलाकाराने १९९२ साली तिथेच ‘झिरो इंजिनिअरिंग’ ही कार्यशाळा सुरू केली होती. त्यांचे काम या चर्चेत आलेच पाहिजे असे मला वाटते, कारण जुने ठेवावे की नवे करावे या प्रश्नाला त्यांनी तिसरे उत्तर दिले आहे.

किमुरांच्या गाड्यांवर चकचकीत रंग क्वचितच दिसतो. जुन्या हार्लीचे इंजिन, जमिनीलगतची फ्रेम आणि हातोडीने ठोकून घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, असे त्यांचे काम असते. हातोडीचे ठसे ते घासून काढत नाहीत. पत्रा काळवंडतो, तेलाचे डाग पडतात, पितळ हिरवट होते, आणि गाडी जशी वापरली जाईल तशी तिची कांती बदलत जाते. २००६ साली ते कॅलिफोर्नियातील अझुसा येथे गेले आणि ‘चॅबॉट इंजिनिअरिंग’ या नावाने काम करू लागले. म्हणजे जी परंपरा अमेरिकेतून जपानमध्ये आली, ती जपानी हाताने बदलून पुन्हा अमेरिकेत गेली.

दुसरीकडे रेघेची परंपराही इथे जिवंत आहे. योकोहामा येथे १९९२ पासून दर वर्षी डिसेंबरमध्ये हॉट रॉड कस्टम शो, म्हणजे हौसेने बदलून घेतलेल्या गाड्यांचे प्रदर्शन, भरतो. त्यात शेकडो मोटारसायकली असतात, पण माझे पाय नेहमी रेघा ओढणाऱ्या कलाकारांच्या टेबलांशी थांबतात. ‘वाइल्डमन’ इशी हे त्यांतले ज्येष्ठ नाव. लोक हेल्मेट, जेवणाचा डबा, लाकडी फळी, असे काहीही घेऊन येतात आणि कलाकार समोर बसून त्यावर रेघ ओढून देतो. बघणारे शांतपणे उभे असतात, लहान मुले अगदी पुढे बसलेली असतात. पेंटरच्या मुलाने लिहिलेली करंगळीची टेक आणि बोटांत ब्रश फिरवणे, हे सगळे मी तिथे डोळ्यांनी पाहिले आहे. इचलकरंजी आणि योकोहामा इथले हात एकच भाषा बोलतात, हे आज वाचून फार आनंद झाला.

माझी सूचना अशी. सर, आपल्या गाडीला बसणारी दुसरी जुनी टाकी मिळवावी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात शोधल्यास ती सापडू शकते. मूळ टाकी आहे तशी जपून ठेवावी आणि दुसऱ्या टाकीवर आपल्या गावच्या पेंटरकाकांना रेघ ओढू द्यावी. मात्र त्यांना मूळ रेघेची नक्कल करायला सांगू नये. जाडी, अंतर, वळण हे त्यांच्या हाताप्रमाणे येऊ द्यावे, आणि काम झाल्यावर टाकीच्या खालच्या बाजूला त्यांची सही आणि साल लिहून घ्यावे. आपल्या विद्यार्थ्यांना ते काम होताना प्रत्यक्ष बघता येईल, आणि जुन्या टाकीवरचा अनाम हात व नव्या टाकीवरचा नाव असलेला हात हे दोन्ही शेजारी ठेवून त्यांना दाखवता येतील.

कलाशिक्षक_सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या तळमळीने उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती.

नागोयाच्या ताईंची सूचना मला पटली आहे. पेंटरच्या मुलाचे म्हणणे आणि नाशिककरांचे म्हणणे ही दोन्ही मला खरी वाटत होती, आणि दुसरी टाकी घेतल्याने दोघांचाही मान राहतो. पेंटरकाकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की टाकी बाकावर ठेवून रेघ ओढणार नाहीत, गाडीवर बसवल्यावरच ओढतील, कारण बसणाऱ्याच्या नजरेतून ती कशी दिसते ते आधी पाहायचे आहे. सहीचे विचारल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आजवर त्यांनी हजारो पाट्या रंगवल्या, पण मालकाने स्वतःहून सही करा असे सांगितल्याचे त्यांना आठवत नव्हते. शाळेच्या चित्रकला वर्गातील मुलांना हे काम दाखवण्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे.

आता दोन व्यावहारिक शंका आहेत. जुनी टाकी घेताना काय पाहावे? आणि मूळ टाकी रंग न बिघडता दीर्घकाळ कशी ठेवावी?

पेंटरचा_मुलगा (इचलकरंजी)

सर, आपल्या निर्णयाने फार समाधान वाटले. काकांना माझा नमस्कार सांगा, आणि ते गाडीवर बसवूनच रेघ ओढणार म्हणाले ते शंभर टक्के बरोबर आहे, हेही सांगा.

टाकी घेताना ती आपल्या वर्षाच्या गाडीची आहे ना ते आधी पाहा, कारण बुलेटच्या टाक्यांचे बसवण्याचे कान आणि खालचा खोबणीचा भाग काळानुसार बदललेले आहेत. मूळ टाकी बाजारात सोबत नेऊन मापे जुळवणे सर्वांत चांगले. लोहचुंबक सगळीकडे फिरवा. जिथे तो नीट चिकटत नाही तिथे खाली लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरलेली असते, आणि जाड पुट्टीवर ओढलेली रेघ पुढे तडकते. झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आतला गंज बघा, आणि पेट्रोलच्या नळाच्या आट्या शाबूत आहेत ना तेही तपासा. नवा रंग पूर्ण सुकण्यास पुरेसा वेळ द्या. घाई करून रेघ ओढून घेऊ नका. रंगानंतर आणि रेघेच्या आधी कोणतेही पॉलिश लावू देऊ नका, कारण मेणावर इनॅमल धरत नाही.

मूळ टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून ती झाकण उघडे ठेवून नीट वाळू द्या. नंतर आत थोडे इंजिन ऑइल ओतून, टाकी सगळ्या बाजूंनी फिरवून, आतल्या पत्र्यावर त्याचा थर बसवा आणि उरलेले ओतून टाका. हे करताना तेलाचा ओघळ रेघेवर येणार नाही याची काळजी घ्या. बाहेरून फक्त मऊ कोरड्या सुती कापडाने पुसा. कोणतेही रबिंग पॉलिश नको, त्याने उरलेली रेघही जाईल. टाकी सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात आत ओल धरते आणि रंगाखालून गंज सुरू होतो. ट्रेसिंग पेपरवरची नोंद टाकीसोबत न ठेवता वेगळी, सपाट ठेवा, आणि तिची एक प्रत जमल्यास मलाही पाठवा. आमच्या दुकानात शिकायला येणाऱ्या दोन मुलांना ते वळण सरावासाठी द्यायचे आहे.